भोकांचा हिशेब

गेल्या दिवाळीत याच पानावर आपण शेर, पायली आणि खंडी यांच्या गोष्टी केल्या होत्या. त्यावर एका वाचक भगिनींनी लिहिले, ‘मापांचे झाले, आता मोजणाऱ्यांचे सांगा.’ मागणी रास्त आहे. शिवाय मी पडलो मराठीचा मास्तर. मोजणाऱ्याला आपण काय काय म्हणत आलो, हे पाहणे माझ्या धंद्यातच मोडते.

कॉम्प्यूटर हा शब्द आता घरोघरी रुळला आहे. पण इंग्रजीत तीनशे वर्षांहून अधिक काळ तो माणसाला लावीत असत. आकडेमोड करून पोट भरणारा, तो कॉम्प्यूटर. वेधशाळेत, विमा कचेरीत अशी माणसे ओळीने बसलेली असत. आपल्याकडे त्यांचे भाऊबंद म्हणजे दिवाणजी. माझे आजोबा रोह्याला एका भाताच्या गिरणीत दिवाणजी होते. साडेसतरा मण तांदूळ, मणाला दर सव्वातेरा रुपये, तर एकूण किती? विचारणारा कागद शोधीत असायचा, तोवर आजोबा ‘दोनशे एकतीस रुपये चौदा आणे’ म्हणून मोकळे! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी अपूर्णांकांची सारी पलटण त्यांच्या जिभेवर हजर असे. वाचकांनी हवे तर पडताळून पाहावे. उत्तर बिनचूक आहे.

पण दिवाणजींच्या बुद्धीला एक कुंपण होते. एका गिरणीचा हिशेब त्यांच्या मुठीत राही. एका देशाचा हिशेब कोणी, कसा ठेवायचा?

ही अडचण मोठ्या प्रमाणावर भासली ती अमेरिकेत. १८८० साली तेथे शिरगणती झाली, आणि तिचे आकडे जुळवता जुळवता सात-आठ वर्षे निघून गेली. म्हणजे पुढची शिरगणती दारात येऊन उभी, आणि मागचीचा हिशेब अजून चुलीवरच! त्या खात्यात काही काळ काम केलेला हर्मन हॉलरिथ नावाचा एक तरुण एंजिनियर या प्रश्नामागे लागला. त्याला वाट दाखवली ती आगगाडीच्या कंडक्टरने. त्या काळी तिकडचे काही कंडक्टर तिकिटाच्या कडेला चिमट्याने भोके पाडून उतारूचे वर्णनच नोंदवून ठेवीत. केसांचा रंग अमुक, डोळे तमुक, नाक मोठे. तिकीट दुसऱ्याच्या हाती गेले की चोरी तिथल्या तिथे उघडी. हॉलरिथने ठरवले, तिकिटावर जे होते ते शिरगणतीत का होऊ नये?

मग माणशी एक कार्ड झाले. पुरुष की बाई, वय किती, जन्म कुठला, लग्न झाले की नाही, प्रत्येक उत्तराला कार्डावर ठरलेली जागा, आणि त्या जागी भोक. हे कार्ड यंत्रात ठेवून वरून टाचण्यांचा एक पाटा दाबायचा. भोक असेल तेथून टाचणी आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, विजेला वाट मिळे, विद्युतचुंबक खेचला जाई आणि घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. भोक नसेल तेथे टाचणी कार्डावरच अडे आणि काटा जागचा हलत नसे. १८९० च्या शिरगणतीत सहा कोटींहून अधिक माणसे या टाचण्यांखालून गेली, आणि आधीच्या मानाने हिशेब फारच लवकर हाती आला.

विजेने हालचाल होते आणि हालचालीने आकडा उमटतो, म्हणून अशा यंत्रांना विद्युत-यांत्रिक म्हणतात. नाव जड आहे, पण वस्तू आपल्या घरातलीच. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधून दाब कमीजास्त होताना ‘खट्’ असा आवाज येतो ना, तो बहुधा रिलेचा असतो. विजेचा प्रवाह आला की चुंबक होतो, तो लोखंडाची एक पट्टी ओढतो, आणि त्या पट्टीने दुसरी वीज सुरू किंवा बंद होते. आमच्या पेणला पावसाळ्यात विजेचे जे खेळ चालतात, त्यामुळे हा ‘खट्’ आम्हाला देवघरातल्या घंटेइतका ओळखीचा आहे.

मात्र एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. हॉलरिथच्या यंत्राला वाचता येत नव्हते. त्याला भोक आहे की नाही, एवढेच समजे. भोक पाडणाऱ्याने जे पाडले तेवढेच जग, आणि जे पाडायचे राहिले ते जन्मालाच आलेले नाही, असा त्याचा खाक्या. पुढच्या सव्वाशे वर्षांत यंत्रे कुठल्या कुठे गेली, पण हा खाक्या सुटला आहे असे मला वाटत नाही.

हॉलरिथची कंपनी इतर कंपन्यांत मिसळत गेली आणि १९२४ साली तिचे नाव आय.बी.एम. झाले. या कंपनीच्या दारात १९३०-४० या दशकाच्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठातला हॉवर्ड एकेन नावाचा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी येऊन उभा राहिला. समीकरणे सोडवता सोडवता तो मेटाकुटीस आला होता. त्याचे म्हणणे असे की, तुमची कार्डयंत्रे एकेक बेरीज चांगली करतात, पण एक झाली की दुसरी काय करायची हे माणसाला सांगावे लागते. ते सांगणेही आधीच भोके पाडून यंत्राच्या हाती का देऊ नये? कल्पना अगदी नवी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने असेच यंत्र मनात उभे केले होते, आणि त्याच्या आधीच्या एका यंत्राची काही चाके त्याच्या मुलाने हार्वर्डला भेट दिली होती. ती तेथे माळ्यावर धूळ खात पडलेली एकेनच्या नजरेस आली. जुन्या माळ्यांवर काय काय सापडते, हे कोकणातल्या वाचकांना मी सांगायला नको.

१९३९ साली करार झाला आणि न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट येथे आय.बी.एम.च्या कारखान्यात यंत्र उभे राहू लागले. हेच ते हार्वर्ड मार्क-१. लांबी ५१ फूट, म्हणजे आपल्या एस.टी.च्या जवळजवळ दीड गाडीइतकी. उंची ८ फूट. वजन सुमारे ५ टन. सुटे भाग साडेसात लाखांच्या वर. आतल्या तारा ५०० मैल. पुढच्या बाजूने एक लांबलचक दांडा एका विद्युत मोटरीवर फिरत असे, आणि सारी चाके त्याच्या तालावर चालत. त्यात ७२ आकडेघरे, प्रत्येकात २३ आकडी संख्या मावे. या आकडेघरांची चाके म्हणजे कार्डयंत्रांतल्या चाकांचीच भावंडे. बेरजा सेकंदाला तीन होत. गुणाकाराला मात्र सुमारे सहा सेकंद आणि भागाकाराला पंधरा. सहा सेकंदांत आजोबांचा तांदळाचा गुणाकार होऊन चिमूटभर तपकीरही ओढून झाली असती! पण तेवीस आकडी संख्यांपुढे त्यांनीही हात जोडले असते, आणि मुख्य म्हणजे यंत्राला रात्री झोप लागत नसे.

हे काम चाले कसे, ते पेणकरांना पटकन कळेल. गणपतीच्या कारखान्यात पाहा. एक जण साच्यातून अंग काढतो, दुसरा हात नि सोंड जोडतो, तिसरा सांधे पुसून गुळगुळीत करतो, मग पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यांच्या शेवटी जाणत्या हाताने डोळ्यांची आखणी. साच्यावर बसलेल्याला आखणी येत नसली तरी अडत नाही. क्रम बिघडता कामा नये. मार्क-१ ला असा क्रम कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून दिलेला असे. या घरातला आकडा घे, त्या घरात घाल, बेरीज कर, पुढे चल. पट्टीवरची एक ओळ म्हणजे एक आज्ञा. पुन्हा पुन्हा तेच करायचे असेल तर पट्टीची दोन टोके डकवून तिचे वेटोळे करीत. अशा आज्ञा लिहिणाऱ्यांत नौदलातली एक गणिताची प्राध्यापिका होती, ग्रेस हॉपर. यंत्राची माहिती देणारा पाचशेवर पानांचा ग्रंथही मुख्यतः तिनेच लिहून काढला. पुढे १९४७ साली एकेनच्या मार्क-२ या यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला सापडला. तो तेथल्या मंडळींनी रोजवहीत चिकटवून ठेवला आणि खाली शेरा मारला की, खराखुरा किडा सापडण्याची ही पहिलीच वेळ. यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत किडा म्हणण्याची रीत त्याच्याही आधीची होती. म्हणून तर त्या शेऱ्यात विनोद आहे. मराठीत मात्र आपण हिशेबात ‘घोळ’ झाला म्हणतो. किड्यापेक्षा हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. किडा बाहेरून येतो. घोळ आपण घातलेला असतो.

असले यंत्र जगात पहिलेच होते का? तर नाही. १९४१ साली बर्लिनमध्ये कोनराड झूझ याने रिलेंवर चालणारे झेड-३ हे यंत्र उभे केले होते. १९४३ साली बॉम्बवर्षावात ते नष्ट झाले, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागायला वर्षे गेली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करते. मार्क-१ अमेरिकन नौदलाच्या दिमतीला होते. १९४४ साली जॉन फॉन नॉयमन हा थोर गणिती एक मोठे गणित घेऊन त्या यंत्राकडे आला. एका गोलाला सर्व बाजूंनी एकदम दाब दिला तर तो आत कसा कोसळेल, अशा स्वरूपाचे ते गणित होते. ज्यांनी ते पट्टीवर भोके पाडून यंत्रावर चढवले, त्यांना ते कशासाठी आहे हे तेव्हा सांगितलेले नव्हते. त्यांनी आकडे दिले, आकडे घेतले. ते गणित अणुबॉम्बचे होते. अशाच आतल्या बाजूने कोसळणाऱ्या गोळ्याचा बॉम्ब ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडला. यंत्राला कशाचीच कल्पना नव्हती, हे समजू शकते. चालवणाऱ्यांनाही नव्हती, हे मनातून जात नाही.

मार्क-१ चा समारंभ हार्वर्डला ७ ऑगस्ट १९४४ रोजी झाला, आणि आपल्याकडच्या लग्नात शोभेल असा रुसवा तेथे झाला. विद्यापीठाने वर्तमानपत्रांना दिलेल्या पत्रकात शोधाचे सारे श्रेय एकेनला. ज्यांनी पाच वर्षे खपून यंत्र प्रत्यक्षात आणले ते आय.बी.एम.चे एंजिनियर लेक, हॅमिल्टन आणि डर्फी कुठल्या कुठे! कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन कमालीचे संतापले. त्यांचा संताप रास्तच होता, असे माझे मत. आखणी करणाऱ्याचे नाव मूर्तीला लागते आणि साच्यावरचा माणूस तसाच घरी जातो, हे आपण दर भाद्रपदात पाहतो.

त्याच उन्हाळ्यात, याच समारंभाच्या थोडे आधी, हार्वर्डपासून सुमारे दीडशे मैलांवर ब्रेटन वुड्स या डोंगरातल्या गावी एक रोहेकर जगाचा हिशेब मांडायला बसले होते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पुढे जे झाले ते पाहता हा योग मला सांगावासा वाटतो.

हे रोहेकर म्हणजे चिंतामणराव देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. पण बालपणाचा मोठा भाग रोह्यात गेला. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रात चमकले, आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. मेघदूताचे मराठी रूपांतर त्यांच्या नावावर आहे, तेव्हा आम्हा मराठीवाल्यांचाही त्यांच्यावर थोडा हक्क पोचतो. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ च्या जुलैत भारताच्या शिष्टमंडळातून ब्रेटन वुड्सला गेले. युद्धात ब्रिटनने भारताकडून घेतलेल्या मालाचे आणि सेवेचे पैसे लंडनला नुसते खात्यावर साचत होते. हे येणे वसूल कसे व्हायचे, हा प्रश्न आपल्या मंडळींनी तेथे मांडला. परिषदेने तो आपल्या अंगाला लावून घेतला नाही, तो भाग निराळा.

१९४५ साली चिंतामणराव कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १९६४ पर्यंत राहिले. संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली काढलेली. १९५० साली चिंतामणराव देशाचे अर्थमंत्री झाले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्या आज्यांचे शास्त्र. तेच येथे देशाला लावायचे होते. देशातली साडेपाच लाखांवर गावे. त्यांतून नियमाने निवडून १,८३३ गावे घ्यायची, त्यांतली काही घरे घ्यायची, आणि तेथे जाऊन विचारायचे की, महिन्याला धान्यावर काय जाते, मिठावर काय, कापडावर काय. काही गावांचे काम पुण्याच्या गोखले संस्थेने उचलले. शीत मात्र भांड्याच्या तळापासून वरपर्यंत कुठलेही निघायला हवे. वरवरचीच चार घेतली तर भात नेहमी शिजलेलाच लागतो.

या पाहणीतली उत्तरे शेवटी कुठे जात? कार्डावर. जे उत्तर त्याचे भोक. हॉलरिथची गादी अजून चालूच होती. आणि १९५५-५६ च्या सुमारास सांख्यिकी संस्थेत जे यंत्र विलायतेहून येऊन बसले, ते भारतातले पहिले अंकीय संगणकयंत्र, त्याचे नावच मुळी हॉलरिथ इलेक्ट्रॉनिक कॉम्प्यूटर, थोडक्यात हेक-२ एम. येथे रिलेची पट्टी जाऊन रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह आले होते आणि आकडे जपायला फिरणारा चुंबकी पिंप होता. पट्टी हलायची नाही, म्हणून वेळही लागायचा नाही. घराणे मात्र तेच. ज्या संस्थेचा अध्यक्ष रोह्याचा, तेथे देशातला पहिला कॉम्प्यूटर यावा, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात फारशी कोणाला माहीत नाही. रोह्यात चिंतामणरावांची आठवण निघते ती नोटेवरच्या सहीची आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली भिरकावलेल्या राजीनाम्याची. तीही निघावी, पण हीही निघायला हरकत नाही.

मुंबईही मागे नव्हती. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ठरवले की, यंत्र विकत न घेता आपणच बांधायचे. संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्याहून दख्खनच्या राणीने ये-जा करणारे. जुन्या नाण्यांची वजने करून त्यांतून इतिहास काढणाऱ्या या गृहस्थांना युनेस्कोने १९४८-४९ साली इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांच्याच अभ्यासाला धाडले होते. यंत्र प्रत्यक्ष बांधले ते रंगस्वामी नरसिंहन यांच्या हाताखालच्या तरुण तुकडीने. त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी असले यंत्र डोळ्यांनी पाहिलेलेही नव्हते. आधी लहान नमुना केला, मग मोठे यंत्र. ते १९६० च्या फेब्रुवारीत कामाला लागले. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड, १२,५०० रोधक. आणि स्मरणासाठी फेराइटची बारीक कडी मण्यांसारखी तारांत ओवलेली. १९६२ च्या जानेवारीत संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले तेव्हा त्यांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. तोवर परदेशात ट्रान्झिस्टरची यंत्रे आली होती, म्हणजे बारशालाच बाळाचे केस पिकलेले! पण देशभरातल्या संस्थांनी पुढची दोन-तीन वर्षे त्याच्याकडून गणिते करून घेतली, आणि त्यावर हात बसलेली माणसे पुढे देशाच्या कामी आली. ही संस्था कुलाब्याला. आता आमचा जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबाच होता. त्यामुळे जुन्या कागदांत ‘कुलाबा येथे कॉम्प्यूटर’ असे वाचून आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तो अलिबागला शोधला होता, असे त्यांच्या पश्चात सांगतात. खरे-खोटे देव जाणे.

पण यंत्र प्रयोगशाळेतून कचेरीत आले, आणि गोष्टीचा रंग पालटला. चिंतामणरावांनी अर्थमंत्री असताना १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा धंदा सरकारच्या ताब्यात घेतल्याचे आकाशवाणीवरून जाहीर केले, आणि त्यातून आयुर्विमा महामंडळ जन्मले. साठीच्या दशकात याच महामंडळाने हिशेबासाठी कॉम्प्यूटर आणायला घेतले. मुंबईत तो बसला. कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी दारातच अडवला, आणि तो लढा पुष्कळ दिवस चालला. त्या मंडळींना आज हसणे सोपे आहे. घरात एक मिळवता, खाणारी आठ तोंडे, आणि हप्त्यांच्या आकडेमोडीवर ती सगळी पोसली जाणार, अशा माणसाला पन्नास कारकुनांचे काम करणारे यंत्र दाखवले तर तो ओवाळील की काठी घेईल? आजोबांच्या गिरणीत हिशेबाचे साधे यंत्र आले तेव्हा मालकांनी त्यांना काढले नाही. पण भाव विचारायला त्यांच्यापाशी कोणी येईनासे झाले. ते मग घरी आम्हा नातवंडांना औटकी घोकायला लावीत. आम्ही पळून जात असू.

कारकुनांचे पुढे काय होणार याचा विचार करायला सरकारने १९६९ साली एक समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर; अहवाल आला १९७२ साली. म्हणजे यंत्रांमुळे कोणाच्या पोटावर पाय येईल हे ज्याने तपासायचे, तो मनुष्य त्याच काळात आणखी एका पोटाचा हिशेब करीत होता. १९७१ साली दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधार घेतला तो चिंतामणरावांच्या काळात सुरू झालेल्या नमुना पाहणीच्याच १९६०-६१ च्या आकड्यांचा. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न विकत घ्यायला किती खर्च लागतो? खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. आणि एवढेही ज्यांच्या वाट्याला येत नाही असे लोक खेड्यांत शंभरांतले चाळीस, शहरांत पन्नास! देशाला आपले दारिद्र्य ठाऊक नव्हते असे नाही. पण ‘पुष्कळ लोक गरीब आहेत’ हे वाक्य आणि ‘शंभरांत चाळीस’ हे वाक्य, या दोहोंत फरक आहे. पहिल्यावर उसासा टाकता येतो. दुसऱ्यापुढे अर्थमंत्र्याला उत्तर द्यावे लागते. अमेरिकेतल्या त्या एकावन्न फुटी यंत्राने आरंभी तोफा आणि बॉम्ब यांची गणिते केली. आपल्या कार्डांनी मीठ, रॉकेल आणि जोंधळ्याचा हिशेब केला. याचा मला अभिमान वाटतो, हे उघडच सांगतो.

तरी टाचणी अडते ती अडतेच. पेण, सुधागड, रोहे, कर्जत या बाजूला डोंगराच्या कडेने कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात वाडी भरलेली असते. दिवाळी झाली की ठेकेदाराकडून घेतलेली उचल फेडायला घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर निघतात. पोरे, कोंबड्या, भांडी, सगळे बरोबर. दाराला कडी, फार तर दोरी. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर दोन नावे आहेत, त्यांच्यापुढे नोव्हेंबरपासून मेपर्यंत सरळ गैरहजेरी. पाहणीचा माणूस या दिवसांत वाडीवर गेला तर त्याने काय नोंदवायचे? पाहणीच्या नियमांत यालाही जागा केलेली आहे. निवडलेल्या घरी कोणी नसेल तर त्याच्या जागी दुसरे घर घ्यायचे, आणि कारणाच्या रकान्यात ‘घरातील माणसे बाहेरगावी’ या अर्थाचा आकडा भरायचा. पद्धत म्हणून यात गैर काही नाही. कोणीतरी मोठ्या बारकाईने तो रकाना घातला आहे. पण बदली घर म्हणजे जे घर वाडीत राहू शकले ते. म्हणजे ज्याच्यापाशी चार दाणे होते, किंवा ज्याने उचल घेतली नव्हती, ते. जो सर्वांत अडलेला, तो भट्टीवर. त्याच्या नावाने भोक पडते ते ‘बाहेरगावी’ म्हणून. बाहेरगावी हा शब्द आपण तीर्थयात्रेला गेलेल्यालाही लावतो, सुटीत मामाकडे गेलेल्यालाही.

शिरगणतीत माणूस जेथे सापडेल तेथे मोजता येतो, हा त्यावर एक उपाय. पण त्यासाठी मोजणाऱ्याने भट्टीवर जायला हवे, आणि मालकाने त्याला आत घ्यायला हवे. २०११ नंतरची शिरगणती लांबली. आता पुढच्या शिरगणतीची तारीख जाहीर झाली आहे, आणि मोजणाऱ्यांच्या हाती कागदी तक्त्यांऐवजी मोबाइल असेल, असेही जाहीर झाले आहे. कार्डे नाहीत, पारा नाही, टाचण्या नाहीत. तारीख आहे १ मार्च २०२७. मार्चमध्ये आमच्याकडे वीटभट्ट्या भर हंगामात असतात.